अपडेट झालं आणि एक्सटर्नल हार्ड डिस्क स्लो पडली? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे बऱ्याच जणांनी घरचा लॅपटॉप, दुकानातला पीसी, स्टुडिओतलं मशीन असं सगळं विंडोज ११ वर नेलं आणि लगेच एक तक्रार सुरू झाली, एक्सटर्नल हार्ड डिस्क लावली की फोल्डर उघडायलाच मिनिट जातं, आधी पंधरा मिनिटांत व्हायची ती कॉपी आता तासभर चालते. मग व्हिडिओ बघून कोणी डिस्क फॉरमॅट करतं, कोणी कुठलंतरी ड्रायव्हर अपडेटर टाकतं, कोणी रात्रभर चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारं विंडोजचं टूल) लावून झोपतं. त्या डिस्कवर लग्नाचे फोटो असतात, टॅलीचा जुना डेटा असतो, बाळाचे व्हिडिओ असतात. स्पीड परत आणता येतो हो, पण गेलेला डेटा बहुतेक वेळा येत नाही, आणि आला तरी रिकव्हरीवाल्याला डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. म्हणून डिस्क स्लो का होईना, चालतेय तोवर महत्त्वाचं आहे ते दुसरीकडे कॉपी करून घ्या, बाकीचं सगळं त्यानंतर.

मोजल्याशिवाय उपाय सुरू करणं

सगळ्यात जास्त होते ती चूक ही. "स्लो आहे" म्हणजे नक्की किती स्लो? चारपाच जीबीची एकच मोठी फाइल घ्या, एखादा पिक्चर किंवा व्हिडिओ, ती एक्सटर्नलवरून पीसीवर कॉपी करा आणि कॉपीच्या खिडकीत मोअर डिटेल्स उघडून ग्राफ बघत बसा. हजारो छोट्या फोटोंचं फोल्डर टेस्टला घेऊ नका, छोट्या फाइलींना चांगली डिस्कसुद्धा रांगतच जाते, त्यातून काही कळत नाही.

खिशात मावणारी साधी हार्ड डिस्क यूएसबी ३ वर साधारण १०० ते १३० एमबी प्रति सेकंद देते, आणि भरत आली की त्याहून बरीच कमी, ते नॉर्मल आहे. पण ग्राफ जर ३० ते ४० च्या मध्ये एकदम सरळ रेषेत चालला असेल, ना वर ना खाली, तर डिस्कला आणि अपडेटला दोष देऊ नका, तुमची डिस्क यूएसबी २ च्या स्पीडवर चाललीये. आणि ग्राफ वर जाऊन शून्याला टेकतोय, परत वर, परत शून्य, असं असेल तर मामला वेगळा, त्याकडे खाली येतोच.

केबलकडे न बघणं

अपडेटच्या वेळी लोक सगळं काढून ठेवतात आणि परत लावताना दुसरी केबल, दुसरा पोर्ट लागतो, मग नाव अपडेटचं होतं. बऱ्याच पोर्टेबल डिस्कला ती चपटी रुंद पिन असते बघा, दोन भाग जोडल्यासारखी, त्या सॉकेटच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलची साधी मायक्रो यूएसबी केबल अगदी फिट बसते, डिस्क चालूही होते, फक्त यूएसबी २ वर, आणि स्क्रीनवर कोणी काही सांगत नाही. टाइप सी मध्येही तेच, फोनच्या चार्जरसोबत आलेल्या कितीतरी केबल डेटासाठी यूएसबी २ च असतात. डिस्कबरोबर मिळालेलीच केबल वापरा, थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला, हब मध्ये नको. असेंबल केलेला पीसी असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागे मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघा, पुढच्या पोर्टची आतली वायर कधीकधी यूएसबी २ च्याच हेडरला (मदरबोर्डवरच्या पिनांना) लावलेली असते. आणि प्लग हळूहळू सरकवत घालू नका, एका झटक्यात पूर्ण आत घाला, कारण यूएसबी २ च्या पिना आधी टेकतात आणि डिस्क कधीकधी तिथेच अडकून बसते.

अपडेटनंतर लगेच निकाल लावणं

मोठ्या अपडेटनंतर विंडोज मागे बरंच काही करत असतं, सर्चचा इंडेक्स (फाइलींची यादी) नव्याने बनवणं, डिफेंडरचं म्हणजे विंडोजच्या अँटीव्हायरसचं स्कॅन, राहिलेले छोटे अपडेट. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. तिथे एक्सटर्नल शांत आणि सी ड्राइव्हच १०० टक्क्यांवर असेल तर कॉपी अडतेय ती आतल्या डिस्कमुळे, जुन्या लॅपटॉपमध्ये आत साधी हार्ड डिस्क असली की हे हमखास होतं. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये तर कुठला प्रोग्राम कुठली फाइल वाचतोय तेही दिसतं. मशीन चार्जिंगला लावून एक रात्र चालू ठेवा, स्लीप बंद करून, आणि सकाळी तीच फाइल घेऊन परत मोजा. डिफेंडर कायमचा बंद करायचा सल्ला बरेच जण देतात, तो अजिबात ऐकू नका.

क्विक रिमूव्हल

हे मात्र खरंच अपडेटमुळे बदललेलं आहे. २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून एक्सटर्नल डिस्कसाठी क्विक रिमूव्हल हे डिफॉल्ट झालं, म्हणजे डिस्क पटकन उपटून काढली तरी डेटा बिघडायची शक्यता कमी, पण त्या बदल्यात राइट कॅशिंग (लिहायचा डेटा आधी मेमरीत ठेवून मग डिस्कवर टाकणं) बंद, त्यामुळे डिस्कवर लिहिण्याचा स्पीड पडू शकतो. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्हज, तुमची डिस्क, प्रॉपर्टीज, पॉलिसीज, तिथे बेटर परफॉर्मन्स निवडा आणि राइट कॅशिंगला टिक करा. पण मग दरवेळी सेफली रिमूव्ह करूनच काढायची. घरात मुलं येता जाता केबल ओढत असतील तर क्विक रिमूव्हलच राहू द्या, थोडा स्पीड गेलेला परवडला.

पहिल्या क्लिकला पाचदहा सेकंद थांबते आणि मग नीट चालते, असं असेल तर डिस्क झोपत असते. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि हार्ड डिस्क बंद व्हायची वेळ वाढवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आजारी डिस्कवर चेकडिस्क आणि डीफ्रॅग चालवणं

आता तो वरखाली होणारा ग्राफ. लिहितानाच तसा होत असेल, म्हणजे सुरुवात जोरात आणि बरेच जीबी गेल्यावर एकदम घसरण, तर डिस्क एसएमआर प्रकारची (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणारी) असू शकते, स्वस्त पोर्टेबल डिस्क बऱ्याचशा तशाच असतात, थोडा वेळ काम न देता सोडली की परत सावरते. पण साधं वाचतानाही शून्याला जात असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्राम टाकून डिस्कची तब्येत बघा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे; रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर किंवा करंट पेंडिंग (वाचता न येणारे, संशयित) सेक्टर समोर शून्य सोडून दुसरा आकडा असेल, किंवा पिवळा कॉशन दिसत असेल, तर चेकडिस्क, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं) असं काहीही चालवू नका. सगळ्या सेक्टरची तपासणी करणारा चेकडिस्क अख्खी डिस्क वाचतो, २ टीबी ची धडधाकट डिस्कसुद्धा १०० एमबी प्रति सेकंद स्पीडने साडेपाच तास घेते, आणि ज्या डिस्कचे सेक्टर जातायत तिला इतके तास रगडलं तर ती मध्येच कायमची बसू शकते. टक टक आवाज येत असेल तर लगेच काढून ठेवा, डेटा महत्त्वाचा असेल तर थेट रिकव्हरीवाल्याकडे. केस उघडून आतली डिस्क पीसीच्या साटाला (आतल्या डिस्क जोडायच्या पोर्टला) लावायचाही प्रयत्न नको, काही कंपन्यांच्या डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट थेट बोर्डवरच असतो, साटा कनेक्टर नसतोच.

मॅकवाल्यांनी अपडेटनंतर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये स्पॉटलाइट (मॅकचा सर्च) एक्सटर्नल डिस्क परत इंडेक्स करतंय का ते बघा, ते होऊ द्यायचं. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असेल आणि लिहिण्यासाठी बाहेरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर नव्या मॅकओएसला चालणारं व्हर्जन आधी टाका.

परत मागे जायचं असेल तर उशीर करणं

हे सगळं बघून झालं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच डिस्क तीच केबल मस्त चालते आणि तुमच्याच मशीनवर रडते, तर मग दोष ड्रायव्हरचा किंवा अपडेटचा धरायला हरकत नाही. लॅपटॉप किंवा मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि यूएसबीचा ड्रायव्हर घ्या, ड्रायव्हर अपडेटर नावाचे फुकट प्रोग्राम टाकू नका. त्यानेही नाही झालं तर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी मध्ये गो बॅक आहे, पण ते साधारण १० दिवसच मिळतं, नंतर विंडोज जुन्या फाइली स्वतःच पुसून टाकतं, आणि डिस्क क्लीनअपमध्ये जागा करायला प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन टिक केलं असेल तर तेवढेही दिवस मिळत नाहीत, तेव्हा डिस्कचा प्रश्न सुटेपर्यंत ते टिक काढून ठेवा.