लिंक पाठवली की आपलंच चित्र, आपलाच मथळा दिसावा म्हणून

चिखलीच्या महापुरावरचा माझा लेख गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला, तेव्हा लिंकवर मिसळीच्या ताटाचा फोटो दिसत होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली पाण्याखाली होती. गोठ्यातली दावी कापून, लेकरं खांद्यावर घेऊन माणसं बाहेर पडली होती. त्यांच्या तोंडून ऐकलेलं मी लिहिलं होतं आणि मुद्दामच फोटो लावला नव्हता. पण साइटच्या सेटिंगमध्ये कधीतरी 'लेखाला चित्र नसेल तर हे दाखव' म्हणून मीच मिसळीचा फोटो देऊन ठेवलेला. तो तिथं बरोबर येऊन बसला. ग्रुपमधल्या एका काकांचा फोन आला. "लेख चांगलाच असंल रं, पर वर ताट बघून उघडायला मनच झालं न्हाई."

ते बोलणं फार लागलं. तोवर लिंकवरचं चित्र म्हणजे शोभेची गोष्ट, असंच मी धरून चाललो होतो. माझे बहुतेक वाचक व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात, म्हणजे लेखाचं पहिलं वाक्य त्यांच्यासाठी तो चौकोनच असतो. त्या रात्री बसून सगळं नीट केलं. तुमचीही स्वतःच्या लिखाणाची साइट असेल, तर हे एकदा करून घ्याच. एका संध्याकाळचं काम आहे.

आधी यामागचं गणित. लिंक टाकली की अ‍ॅप त्या पानावर जातं आणि पानाच्या 'हेड' भागातल्या, वाचकाला न दिसणाऱ्या काही ओळी वाचतं. या पद्धतीला ओपन ग्राफ म्हणतात. फेसबुकनं ती 2010 मध्ये आणली. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, लिंक्डइनही तीच वाचतात. मुख्य ओळी चार: ओजी:टायटल म्हणजे मथळा, ओजी:टाइप म्हणजे प्रकार (लेखाला 'आर्टिकल'), ओजी:इमेज म्हणजे चित्राचा पत्ता आणि ओजी:यूआरएल म्हणजे पानाचा पक्का पत्ता. पाचवी ओजी:डिस्क्रिप्शन, ती मी कधीच सोडत नाही. मराठी साइटला ओजी:लोकॅल, म्हणजे भाषेची ओळही द्या, तिच्यात 'एमआर, अंडरस्कोअर, आयएन' लिहायचं. (कोडमध्ये हे सगळं रोमन लिपीतच टाइप करायचं.) या ओळी सापडल्या नाहीत की अ‍ॅप अंदाजानं काहीतरी उचलतं, नाहीतर नुसती निळी लिंक दिसते.

साइट वर्डप्रेसवर असेल तर योस्ट किंवा रँक मॅथ, दोन्हींपैकी एकच प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घ्या. फुकटवालं पुरतं. दोन्ही चालू ठेवली की त्याच ओळी दोनदा छापल्या जातात, आणि कुठल्या उचलायच्या ते मग अ‍ॅपच्या मर्जीवर. लेख लिहायच्या पानावर प्लगइनचा 'सोशल' नावाचा कप्पा असतो. तिथं मथळा, दोन ओळींचं वर्णन आणि चित्र प्रत्येक लेखाला हातानं भरा. वर्णन आपण दिलं नाही, तर सहसा लेखाच्या सुरुवातीची वाक्यं उचलली जातात, आणि सुरुवात आपण त्या हिशेबानं लिहिलेली नसते. स्वतः कोड लिहून साइट बांधली असेल तर या ओळी थेट पानातच छापलेल्या हव्यात. जावास्क्रिप्टनं मागाहून घातलेल्या चालत नाहीत, कारण ओळी वाचायला येणारी ही यंत्रं सहसा जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. चित्राचा पत्ताही 'एचटीटीपीएस'पासून पूर्ण द्यायचा, अर्धा नाही.

आणि ते 'चित्र नसेल तर'चं सेटिंग आजच उघडून बघा. तिथं कुठल्याही लेखावर, अगदी श्रद्धांजलीवरही शोभेल असंच चित्र हवं. माझ्याकडे आता फिक्या रंगावर साइटचं नाव, एवढंच आहे.

चित्राचं माप 1200 बाय 630 पिक्सेल. जेपीजी किंवा पीएनजी ठेवा, एसव्हीजी नको. वजन मी 300 केबीच्या आत ठेवतो. जड चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर कधी कधी येतच नाही. काही ठिकाणी या आडव्या चित्राचा मधला चौकोनच दिसतो, त्यामुळं महत्त्वाचं ते मधोमध घ्या. रंकाळ्याचा फोटो लावताना शालिनी पॅलेस उजव्या कडेला ठेवला, तर छोट्या चौकोनात नुसतं पाणी उरतं.

चित्रावर मराठी अक्षरं घालणार असाल तर इथं जरा थांबा. मथळ्यावरून चित्र आपोआप बनवणारी साधनं मिळतात, मीही एक वापरून पाहिलं. त्यानं 'चिखली'चं 'चखिली' केलं. ऱ्हस्व वेलांटी मनात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी काढावी लागते. ज्या साधनाला देवनागरीची ही मांडणी कळत नाही ते वेलांटी आल्या क्रमानंच ठेवून देतं, आणि ती पुढच्या अक्षराची वाटते. जोडाक्षरांचे तर तुकडेच पडतात. नवं साधन घेतलं की मी आधी 'त्र्यंबोली' लिहून बघतो. त यायला हवा, र यायला हवा, य यायला हवा, वर अनुस्वार, आणि सगळं एका अक्षरात. ते आणि 'चिखली'ची वेलांटी नीट उमटली, तर बाकीचं मराठीही सहसा उमटतं. फॉन्ट मी मुक्ता वापरतो. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि मोबाइलच्या छोट्या चौकोनातही वाचता येतो. आपल्या गावाचं नाव मोडून छापलं जाऊ नये, एवढा हट्ट धराच.

आता पत्ता. वर्डप्रेस मराठी मथळ्यावरूनच पानाचा पत्ता बनवतं. ब्राउझरमध्ये तो मराठी दिसतो, पण कॉपी करून पेस्ट केला की टक्क्यांच्या खुणांची माळ होते. देवनागरीतलं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ जागा घेतं. 'कोल्हापूर' या शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून नऊ चिन्हं आहेत, म्हणजे एका शब्दाला 81 जागा. वर्डप्रेसची मर्यादा 200, म्हणून साधारण बावीस चिन्हांनंतर मथळ्याचा उरलेला भाग पत्त्यातून गळतो. शिवाय एवढी लांब लिंक बघून आमच्या पेठेतली वडीलधारी मंडळी फसवणुकीची समजून सोडून देतात, आणि त्यांची भीती रास्त आहे. म्हणून लेख प्रसिद्ध करण्याआधीच पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांत लिहा: chikhali-mahapur, बस. मथळा मराठीच राहतो. जुन्या लेखांचे पत्ते मात्र बदलत बसू नका, लोकांनी जपून ठेवलेल्या लिंका तुटायला नकोत.

तपासणी. पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून 'ओजी:इमेज' शोधा, चित्राच्या पत्त्याची ओळ एकदाच सापडली पाहिजे. मग फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाका. काय वाचलं गेलं ते सगळं तिथं दिसतं. चित्र बदलूनही जुनंच येत असेल तर 'स्क्रेप अगेन' दाबा, कारण एकदा वाचलेलं फेसबुक साठवून ठेवतं. लिंक्डइनला असाच पोस्ट इन्स्पेक्टर आहे, टेलिग्रामला वेबपेजबॉट. इतकं करूनही डीबगर पान उघडता आलं नाही म्हणत असेल, तर साइटचं सुरक्षा-प्लगइन त्या यंत्राला दारातच अडवतंय का ते बघा.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट वेगळी, आणि आपलं सगळं तिथंच अडलेलं. लिंकवरचं चित्र तिथं पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं आणि निरोपाबरोबर जातं. म्हणून लिंक पेस्ट केल्यावर लगेच बाण दाबायचा नाही. वर चौकोन तयार झालेला दिसेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं. घाईत पाठवलं की नुसती लिंक जाते. गेलेल्या निरोपातलं चित्र नंतर बदलत नाही, पुढं फॉरवर्ड झाला तरी तेच राहतं. मिसळीचं ताट त्या निरोपात मला बदलता आलं नाही ते यामुळंच. मूळ निरोप काढून दुरुस्त लिंक पुन्हा पाठवावी लागली. आता प्रत्येक लिंक आधी स्वतःलाच पाठवून बघतो. तुमच्या फोनवर जुनंच चित्र अडकून बसलं असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबरची खूण आणि 2 असं जोडा. फोनला तो नवा पत्ता वाटतो आणि तो पान नव्यानं वाचतो.

शेअरची बटणं लेखाच्या शेवटी ठेवा, माणूस वाचून झाल्यावरच पुढं पाठवतो. दहा रंगीत चिन्हांची पट्टी नको. त्या तयार पट्ट्यांतल्या बऱ्याच जणी बाहेरच्या स्क्रिप्ट आणतात, पान जड करतात आणि वाचकाचा माग ठेवतात. माझ्याकडे दोनच बटणं आहेत. एक व्हॉट्सअ‍ॅपचं; ती 'डब्ल्यूए डॉट एमई'ची साधी लिंक आहे, मथळा आणि पत्ता तिच्यात भरलेला असतो. दुसरं फोनमधली शेअरची नेहमीची यादी उघडणारं, त्याला ब्राउझरमधलं 'नॅव्हिगेटर डॉट शेअर' पुरतं. ते एचटीटीपीएस असलेल्या साइटवर आणि वाचकानं स्वतः बोट लावल्यावरच चालतं. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही, तिथं स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावायचं.

चिखलीच्या लेखाला शेवटी मी एक फोटो लावला. एका घराची भिंत, खाली मातकट, वर पांढरी, आणि मधे पुराच्या पाण्यानं ओढलेली सरळ रेघ. घरमालकांना विचारून घेतला. रेघ चित्राच्या मधोमध येईल असाच कापला, चौकोनातही ती दिसते. लिंक दुसऱ्यांदा गेली तेव्हा काकांचा परत फोन आला, आणि या खेपेला ते चित्राबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गोठ्यात पाणी कुठवर आलं होतं, ते सांगत राहिले.