विमानात चढण्यापूर्वीची कॉफी

मुंबईच्या टर्मिनल २ वरून देशांतर्गत प्रवासास निघताना कॉफी घ्यायची असेल, तर ती सुरक्षा तपासणी आटोपल्यावरच घ्यावी. आधी घेतल्यास रांगेत उभे राहून गरम पेला घाईघाईने रिकामा करावा लागतो. तपासणीनंतरही थेट काउंटरकडे न वळता प्रथम बोर्डिंग पासवरील गेट क्रमांक फलकावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि शक्यतो त्या गेटाजवळचेच दुकान निवडावे, कारण या टर्मिनलच्या लांबलचक मार्गिकांतून भरलेला पेला सांभाळत चालणे वाटते तितके सोपे नाही.

वेळेचा हिशेब उड्डाणापासून नव्हे, तर गेट बंद होण्यापासून करावा. अनेक भारतीय विमानकंपन्या उड्डाणाच्या २५ मिनिटे आधी गेट बंद करतात; म्हणजे ७ वाजताच्या विमानासाठी ६.३५ ही अखेरची वेळ. शिवाय २०१५ पासून हे विमानतळ ‘सायलेंट’ असल्यामुळे बोर्डिंगच्या नेहमीच्या उद्घोषणा होत नाहीत, तेव्हा फलक दिसेल अशीच जागा धरावी.

घाईत फिल्टर कॉफी किंवा एस्प्रेसो मागवावी. फेस, सिरप आणि बर्फाच्या पेयांना वेळ लागतो. झाकण कडेने दाबून घट्ट बसल्याची खात्री करावी (माझा एक पांढरा सदरा याच आळसापायी गेला). दर मात्र आधी वाचावा. कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या उडान यात्री कॅफेत (स्वस्त दरांच्या सरकारी उपाहारगृहात) कॉफी २० रुपयांना ठेवली गेली. सगळीकडे तशी अपेक्षा धरू नये.