आधी टँकरची वही, मग सॅम्पल फ्लॅट: वाढत्या उपनगरात गुंतवणुकीचं घर कसं घ्यावं

पुण्यात बहुतेक घरांत एक मामा असतो, ज्याने बाणेरला ‘नुसतं रान होतं तेव्हा’ फ्लॅट घेतला. त्याची गोष्ट प्रत्येक लग्नात ऐकू येते. अर्धवट टॉवरमध्ये ज्यांचे पैसे अडकले, ते काका मात्र त्याच पंगतीत गप्प जेवत असतात. वाघोली, पुनावळे, किवळे, चऱ्होली, उंड्री अशा भागांत गुंतवणूक म्हणून घर बघत असाल, तर मामांबरोबर त्या काकांनाही गाठा.

१. वही-पेन घ्या

समजा, महापालिका हद्दीत, बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा टू बीएचके आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. खरेदी बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. नोंदणीचे ३० हजार. जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. झाले ७८ लाख ७० हजार, आणि अजून घरात पंखाही लागलेला नाही.

आता भाडं महिना २० हजार धरा. वर्षातून एक महिना घर रिकामं राहणार, मेंटेनन्स साडेतीन हजार. वर्षाकाठी हातात उरतात १ लाख ७८ हजार, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. मिळकतकर अजून वजा व्हायचाय. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका त्यात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. ५६ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलंत तर हप्ता साधारण ४८,६०० रुपये. भाडं-मेंटेनन्सचा मेळ घालून दरमहा सरासरी चौतीस हजारांच्या आसपास पदरचे घालावे लागतील.

हे गणित झोंबतं, पण ते आधीच मांडावं. अशा घरात भाड्याने फारसं काही सुटत नाही, सगळी भिस्त भाव वाढण्यावर असते. आणि भाव वाढतो रस्ता, पाणी, मेट्रो खरोखर आल्यावर. पुढची सगळी धावपळ त्यासाठीच.

२. ‘येणार’ म्हणजे नक्की काय, ते विचारा

सेल्स ऑफिसमधल्या नकाशावर सगळंच आलेलं असतं. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२१ ची अखेर उजाडली. पुरंदरच्या विमानतळाच्या नावाने तर २०१६ पासून प्लॉट विकले जाताहेत. म्हणून माझा नियम सरळ आहे: नुसत्या घोषणेसाठी एक रुपयाही जास्त मोजायचा नाही. खांब उभे दिसत असतील तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. गाड्या धावायला लागल्या की भाव आधीच चढलेला असतो, मग तिथे गुंतवणूकदाराला फारसं उरत नाही.

भाडेकरू कोण असेल, तेही आत्ताच ठरवा. वाघोलीत घेताय म्हणजे बहुधा खराडीत नोकरी करणारा. मग कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला वाघोलीहून नगर रस्त्याने खराडीला स्वतः गाडी चालवत जा. रविवारी दुपारी ‘फक्त पंधरा मिनिटं’ कोणालाही लागतात.

३. पाणी

वाघोलीत एका सोसायटीत रीसेलचा फ्लॅट बघायला गेलो होतो. एजंटला यायला उशीर झाला, म्हणून वॉचमनच्या केबिनपाशी उभा राहिलो. टेबलावर एक लांबट वही होती, कोपरे ओले होऊन फुगलेले. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, टँकरचा नंबर, सही. मेच्या मधल्या एका दिवसाच्या ओळी मोजल्या, तर चौदा भरल्या. ‘पाऊस लागला की चार-पाचवर येतं,’ वॉचमन म्हणाला. एजंट आल्यावर पहिलं वाक्य बोलला, ‘साहेब, इथे पाण्याचा काहीच इश्यू नाही.’

ती वही बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. वॉचमन दाखवत नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे वर्षभराचं टँकरचं बिल मागा आणि फ्लॅटच्या संख्येने भागा. जो आकडा येईल तो मेंटेनन्समध्ये तरी दडलेला असतो किंवा वेगळा आकारला जातो. वाघोलीसह २३ गावं जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, त्याआधी २०१७ मध्ये उंड्री, धायरी वगैरे ११ गावं. गाव हद्दीत आलं म्हणून नळाला पाणी आलं असं होत नाही. इमारतीला महापालिकेचं कनेक्शन आहे का आणि त्यातून रोज किती वेळ पाणी येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

नवीन इमारत असेल तर वही नसते. मग शेजारच्या, चार-पाच वर्षं जुन्या सोसायटीत जाऊन विचारा.

४. शेजारची जमीन आणि नदी

विकास आराखड्यात आपल्या प्लॉटला येणारा रस्ता किती रुंदीचा आहे आणि समोरच्या मोकळ्या जागेवर कसलं आरक्षण आहे, ते पाहून घ्या. झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे त्याचा कागद, अर्ज करून मिळतो. नदीकाठ असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा, नकाशावर बघा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पुराचं पाणी कसं शिरलं, ते पुणेकरांना सांगायला नको. जमलं तर पहिल्या मोठ्या पावसानंतर एक चक्कर मारा.

५. कागद

महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका. पझेशनची मूळ तारीख काय होती, ती किती वेळा पुढे गेली, किती फ्लॅट बुक झालेत, जमिनीवर कोर्टकज्जे आहेत का, हे सगळं तिथे असतं. दर नेहमी कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर काढा; जिना-लॉबी वगैरे धरून फुगवलेल्या ‘सेलेबल’वर अजिबात नको. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, कितीही गोड बोलला तरी. सर्च रिपोर्टसाठी, म्हणजे जमिनीची मालकी आणि तिच्यावरचे बोजे तपासायला, स्वतःचा वकील लावा, बिल्डरने सुचवलेला नको. ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा कर) सरकारकडे भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, ती विसरू नका.

६. मला विचाराल तर रीसेल

भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची महापालिकेची परवानगी) मिळालेल्या इमारतीतला तीन-चार वर्षं जुना फ्लॅट. जीएसटी नाही, पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू, लिफ्ट आणि पार्किंग डोळ्यांसमोर, आणि टँकरची वहीसुद्धा. आसपास खरंच काय भावाने व्यवहार झाले ते इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा, काढून बघा. विकणाऱ्याची अपेक्षा आणि नोंदलेला भाव यांत चांगलंच अंतर सापडतं. सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का, तेही विचारा.

७. विकायचं कधी

दोन वर्षांच्या आत विकलंत तर नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर लागतो, त्यानंतर साडेबारा टक्के. पण कराहून मोठी अडचण वेगळीच असते. तुम्ही विकायला काढाल तेव्हा त्याच प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात बिल्डरचे नवे कोरे फ्लॅट रिकामे असतील, तर गिऱ्हाईक तुमच्या वापरलेल्या घराकडे कशाला वळेल? एकूण टप्पे किती आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे बुकिंगच्या आधीच लिहून घ्या.