रीफ टँक तापून कोरल मिटतात? मुंबईच्या उन्हाळ्यातला माझा अनुभव

दादरला घरी ६० लिटरचा छोटा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी आहे. एप्रिल लागला की दुपारी पाणी ३१ अंशांवर जायचं. झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे कोरलसारखे छोटे जीव) मिटलेले, हॅमर कोरल आक्रसलेलं. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान नुसतं वरखाली व्हायचं, दिवसभर एसी परवडेना. फार जीव जळला.

आधी काचेचं झाकण काढून जाळी बसवली, नाहीतर मासे बाहेर उडी मारतात. मग क्लिपचा पंखा पाण्यावर तिरका लावून तापमान कंट्रोलरला जोडला: २७.५ ला चालू, २६.५ ला बंद. वेव्हमेकरचं (पाणी हलवणाऱ्या पंपाचं) तोंड वर केलं. टाकीचा लाइट दुपारऐवजी संध्याकाळी लावायला लागलो.

खरी गोम पुढे आहे. पंखा पाण्याची वाफ करूनच गारवा देतो. साधारण १०० मिली उडालं की ६० लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने उतरतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून काचेवर पातळीची खूण करा आणि रोज तिथपर्यंत आरओ-डीआयचं (फिल्टरने क्षार काढून टाकलेलं) गोडं पाणीच भरा, खारं कधीच नाही. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) ठेवा. क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या.

आता दुपारीही पाणी २८ च्या आत राहतं, हॅमर पूर्ण फुलतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे पंखा कमी पडतो, तेव्हा दुपारपुरता एसी ड्राय मोडवर लावतो.