घोड्याला नाल मारायला किती वेळ लागायला हवा?

नालबंदाने चारही पायांना नाल ठोकले आणि २५ मिनिटांत हत्यारं आवरून तो निघाला, तर कौतुक करण्याआधी एकेक पाय उचलून बघा. जुने नाल काढणं, खूर तासणं, तयार नाल थंडच वाकवून मापाला आणणं, खिळे मारणं आणि शेवटी कानस फिरवणं, एवढं सगळं चार पायांचं काम हात बसलेल्या नालबंदाला शांत घोड्यावर १ ते दीड तास घेतं. पुढच्या दोनच पायांना नाल आणि मागचे नुसते तासायचे असतील तर पाऊण ते १ तास. नाल नकोतच, फक्त चार खूर तासायचे, तर २० ते ३० मिनिटं. भट्टी पेटवून गरम नाल बसवायचे असतील तर दीड ते २ तास धरून चाला.

घड्याळ लावून नालबंदाच्या डोक्यावर उभं राहावं असा याचा अर्थ नाही. कोणत्या टप्प्याला किती मिनिटं जातात हे माहीत असलं, की कमी लागलेला वेळ नेमका कुठे वाचवला हे आपोआप दिसतं. बहुतेक वेळा तो वाचतो नाल मापाला आणताना, आणि तिथेच तो वाचवायचा नसतो.

मिनिटं जातात कुठे

पहिली ५ मिनिटं पाय उचलायचाच नाही. घोडा कडक, सपाट जमिनीवर सरळ चालवून समोरून, मागून आणि बाजूने बघायचा. पाऊल टेकताना खुराची एक कड आधी आपटते का, पाय आत घासतो का, चालीत लंगड आधीपासूनच आहे का, हे आत्ताच ठरतं. नंतर घोडा लंगडला तर दोष खिळ्याचा की मुळातला, हा वाद मग होत नाही. घोडा उभा करून बाजूने पाहिलं की खुराच्या पुढच्या भिंतीचा, म्हणजे बाहेरच्या कडक कवचाचा, कल आणि खुराच्या लगेच वरच्या आखूड तिरक्या भागाचा कल एका रेषेत दिसायला हवा. पुढची बाजू वाढलेली असेल तर ही रेषा खुरापाशी मोडते.

जुना नाल काढायला पायागणिक दोनेक मिनिटं. आधी भिंतीवर वळवलेली खिळ्यांची टोकं सरळ करायची किंवा कानसने उडवायची, मग पक्कड टाचेकडून घालून नाल थोडा थोडा सैल करत पुढे यायचं. टोकं न सोडवता नाल ओढला की खिळ्यासकट भिंतीचा टवका निघतो. पुढच्या वेळी खिळा मारायला तिथे धड जागा उरत नाही, आणि घोड्याचा मालक म्हणतो, खूरच कच्चा आहे.

खूर तासायला प्रत्येक पायाला ४ ते ६ मिनिटं. तळव्याचे सुटलेले पापुद्रे काढायचे, मधल्या रबरासारख्या त्रिकोणाच्या, म्हणजे फ्रॉगच्या, लोंबणाऱ्या चिंध्या तेवढ्या कापायच्या, वाढलेली भिंत कापून कानसने सपाट करायची. सुरी इथे जपून वापरावी लागते. तासलेला तळवा पांढरा, गुळगुळीत, छान दिसतो म्हणून तासत राहणारे नालबंद कमी नाहीत. अंगठ्याने दाबल्यावर तळवा दबायला लागला तर तो जास्त गेला. असा घोडा खडीवर पाऊल टाकायला कचरेल. उन्हाळ्यात खूर लाकडासारखे कडक होतात, तेव्हा कामाच्या थोडं आधी ओलं पोतं गुंडाळून ठेवलं तर सुरीही चालते आणि वेळही वाचतो.

सगळ्यात जास्त वेळ नाल मापाला आणण्यात जायला हवा: पायागणिक ५ मिनिटं, कधी ८. चांगल्या कामात नालबंदाच्या पाय ते ऐरण अशा किमान दोन-तीन फेऱ्या होतात. नाल खुरावर धरून बघायचा, ऐरणीवर ठोकायचा, पुन्हा धरायचा. पुढच्या अर्ध्या भागात नालाची कड भिंतीच्या कडेशी जुळली पाहिजे. मागे टाचेकडे मात्र नाल भिंतीपेक्षा किंचित बाहेर असावा, कारण वजन पडलं की टाचा फाकतात आणि त्यांना टेकायला लोखंड लागतं. लांबीलाही नाल टाचेच्या टोकापर्यंत पुरला पाहिजे. आखूड नाल टाचेत रुततो. फार लांब राहिला तर मागचा पाय त्याच्यावर पडून पुढचा नाल उपटतो.

घाईचा नालबंद पोत्यातून जवळपासच्या मापाचा नाल काढतो, तसाच ठोकतो आणि नालाबाहेर राहिलेला खूर कानसने उडवून टाकतो. समोरून बघायला काम सुबक दिसतं. पण नालाच्या मापाचा खूर केला की भिंत पातळ होते, तिच्यावरचा ओल धरून ठेवणारा थर घासला जातो, आणि महिन्याभरात खिळ्यांभोवती तडे दिसू लागतात. बाजूने पाहा: खुराची पुढची रेषा वरून खालपर्यंत सरळ यायला हवी. खालच्या बोटभर भागात ती तुटून उभी झाली असेल तर वेळ कुठे वाचला ते कळलं.

खिळे

एका नालाला साधारण ६ ते ७ खिळे, नेहमीची वाटणी बाहेरून ४ आणि आतून ३. एक खिळा अर्ध्या मिनिटाचं काम, पण चुकला तर १५ दिवस घोडा घरी. घोड्याच्या खिळ्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं. ती तासलेली बाजू, आणि डोक्यावरची खूण, फ्रॉगकडे ठेवायची. म्हणजे खिळा आत शिरता शिरता बाहेर वळतो. उलटा धरला तर तो थेट जिवंत भागाकडे जातो. सुरुवात पांढऱ्या रेघेवर, म्हणजे खालून दिसणाऱ्या भिंत आणि तळव्याच्या सांध्यावर, किंवा तिच्या जरा बाहेर. रेघेच्या आत कधीच नाही. टोक भिंतीतून नालाच्या वर साधारण २ सेंटिमीटरवर, म्हणजे खुराच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, निघायला हवं. खाली निघालं तर पकड धरत नाही. फार वर निघालं तर खिळा जिवंत भागाच्या जवळून गेलाय असं समजा. खुराच्या सर्वात रुंद भागाच्या मागे खिळा नको, कारण टाच फाकायला मोकळी राहावी लागते.

इथे कान द्या. खिळा चांगल्या कडक खुरातून जाताना हातोडीचा आवाज प्रत्येक ठोक्याला टणक होत जातो. आवाज मध्येच भसका, मऊ झाला आणि खिळा फारसा जोर न लावता सरकू लागला, की जाणता नालबंद हातोडी थांबवतो आणि खिळा काढतो. घोड्याने पाय झटकला तरी तेच. काढलेला खिळा ओला किंवा रक्ताळलेला असेल तर त्या भोकात आयोडिन घालायचं, ते रिकामंच सोडायचं आणि मालकाला कोणतं भोक ते दाखवायचं. गुपचूप दुसरा खिळा त्याच भोकात मारणाऱ्याला पुन्हा बोलावू नका.

शेवटी टोकं पिळून तोडायची, खाली बारीक खाच करायची, उरलेलं टोक त्यात वळवून ठोकायचं. वळवलेल्या टोकांची रांग सरळ हवी आणि तळहात फिरवल्यावर काही टोचता कामा नये. आवराआवरीला पायागणिक २-३ मिनिटं.

गरम नालात वेळ वाढतो तो भट्टीचा. तापलेला नाल खुरावर काही सेकंदच टेकवायचा. धूर बराच होतो, वास येतो, पण तो भाग केसानखांसारखा निर्जीव असल्याने घोड्याला दुखत नाही. जिथे जळाल्याची खूण उमटत नाही तिथे खूर खोल आहे हे लगेच कळतं, म्हणून नाल नीट टेकतो. नाल तसाच दाबून धरत खूर जाळून सपाट करणं ही मात्र आळशी पद्धत.

वेळ वाढला तर

पहिल्यांदाच नाल मारून घेणारा शिंगरू-वयातून नुकता निघालेला घोडा २ तास घेतो, आणि तेवढे द्यावेत. पहिल्या खेपेला दोनच पाय करून बाकीचे दुसऱ्या दिवशी केले तरी बिघडत नाही. म्हाताऱ्या, सांधे आखडलेल्या घोड्याचा पाय उंच उचलून ५-५ मिनिटं धरला की तो अंग टाकतो किंवा पाय ओढतो. पाय खाली धरायचा, दर दोन-तीन मिनिटांनी सोडायचा. तडे गेलेला किंवा आतून सुजून आलेला खूर असेल तर वेळेचा हिशोबच सोडा. त्यात पशुवैद्यही लागतो. पण धडधाकट, शांत घोड्याला अडीच तासांहून जास्त लागत असेल तर सुरी बोथट आहे किंवा हात नवखा आहे.

निम्मा उशीर मालकाकडूनच होतो. नालबंद आल्यावर घोडा रानातून आणायला माणूस पाठवला, पाय चिखलाने माखलेले, सावली नाही, जमीन उताराची, वर माश्या. घोडा आधीच आणून, पाय धुऊन कोरडे करून ठेवा. मोरखी धरणाऱ्याने नालबंद ज्या बाजूला असेल त्याच बाजूला उभं राहायचं. घोडा बिथरला तर डोकं आपल्याकडे ओढलं की त्याचा मागचा भाग नालबंदापासून दूर जातो.

किती दिवसांनी

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून नाल झिजला नसला तरी ६ आठवड्यांनी, फार तर ८, काढून खूर तासायचा. नाल चांगला असेल तर तोच परत बसवता येतो. यात वेळ थोडाच वाचतो, कारण तासणं आणि मापाला आणणं चुकत नाही. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांना हलके ॲल्युमिनियमचे नाल असतात आणि ते त्याहून लवकर, ३-४ आठवड्यांत बदलावे लागतात. माथेरानच्या चढउतारावर किंवा वरातीत डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या घोड्याचे नाल आधीच झिजतात. तिथे तारखेपेक्षा नालाची जाडी बघा. पावसाळ्यात खूर मऊ पडतो, खिळे ढिले होतात आणि चिखल नाल ओढून घेतो, त्यामुळे दर दोन दिवसांनी नाल हलवून बघायची सवय हवी.

गावाकडे एक अडचण असते. बैलांना पत्र्या मारणाराच घोड्यालाही नाल मारून देतो म्हणतो. बैलाला पाडून, पाय बांधून, प्रत्येक पायाच्या दोन नख्यांना दोन वेगळ्या पत्र्या मारतात. ते कसबाचं काम आहे, पण घोड्याच्या उभ्या पायाच्या खुराचं गणित वेगळं. त्याने आधी मारलेले नाल दुसऱ्या घोड्यावर पाहिल्याशिवाय आपला घोडा देऊ नका. दिवसात १० घोडे चारही पायांनी करतो म्हणणाऱ्या एकट्या नालबंदाचाही हिशोब करून बघा: प्रत्येकी सव्वा तास धरला तरी साडेबारा तास होतात.

काम झाल्यावर घोडा पुन्हा त्याच कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लंगडला तर एखादा खिळा जिवंत भागाला दाबतोय. प्रत्येक खिळ्यावर हलका ठोका मारत जा, ज्यावर पाय ओढेल तो काढायला लावा. ३ ते ५ दिवसांनी अचानक लंगड आली, खूर हाताला गरम लागला, तर आत पू धरला असण्याची शक्यता जास्त. नाल काढून पू बाहेर यायला वाट करून द्यावी लागते, आणि ते पशुवैद्याकडून करून घ्या. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, त्यामुळे त्याची लस शेवटची कधी दिली होती ते पशुवैद्याला बोलावतानाच सांगा.