जर्मन पद्धत डाळमिलमध्ये आणायची तर

मी जळगावात आयटीआयच्या पोरांना फिटर ट्रेड शिकवतो. जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, एक-दोन दिवस शाळेत असतो. आपली पोरं इथल्या डाळमिलमध्ये शिकायला पाठवताना ते जसंच्या तसं उचलू नका. तिथे कारखान्यात शिकवणारा त्यासाठीची परीक्षा दिलेला असतो, आपल्याकडे मिस्त्री.

म्हणून आधी एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये जाऊन मिस्त्रीलाच भेटा, मालकाला नंतर. चहा त्याच्यासोबत घ्या. मग तीनच कामं ठरवा: बेअरिंग बदलणं, बेल्टचा ताण, शाफ्टची अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट एका रेषेत आणणं. कागदावर मालकाची सही घ्या. मी एकदा घेतली नाही, पोरं महिनाभर तुरीची पोती शिवत बसली.

जर्मनांची नोंदवही, म्हणजे शिकाऊ पोराने केलेलं काम लिहायची वही, मात्र बिनदिक्कत घ्या. 'बेअरिंग बदललं' एवढ्यावर भागवू नका. नंबर ६२०५, पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) कुठे लावला, जुनं का गेलं, सगळं हवं. एकाने लिहिलं, 'ग्रीसमध्ये डाळीची चुरी होती.' त्या एका ओळीवर मी अख्खा तास घेतला! दर शनिवारी वही तपासा, मिस्त्रीची सही बघा.

आणि एप्रिल-मेमध्ये सकाळची पाळी मागून घ्या. आपल्याकडच्या उन्हात दुपारी पत्र्याखाली कुणी काही शिकत नाही.