स्पोर्ट्स कारचा रंग बदलावा की नाही, हे कसे ठरवावे

जुनी स्पोर्ट्स कार घेताना हवी ती गाडी मिळाली तरी हवा तो रंग मिळतोच असे नाही. भारतात अशा गाड्या मुळातच थोड्या, त्यामुळे गिअरबॉक्स, सर्व्हिसची नोंद आणि धावलेले किलोमीटर मनासारखे जुळले की माणूस रंगाबाबत तडजोड करतो, आणि वर्ष-दोन वर्षांत तीच तडजोड डोळ्यांत खुपू लागते. अशा वेळी गाडी थेट पेंटरकडे नेण्याआधी काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात. उदाहरणासाठी आपण लाल रंगाची पोर्शे ९११ घेऊ. तिच्या प्रसिद्ध ‘गार्ड्स रेड’ या लाल छटेचे जर्मन नाव ‘इंडिशरोट’, म्हणजे ‘भारतीय लाल’, असे आहे, हे आपल्याकडच्या मालकांना जाता जाता सांगण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याला रंग नकोसा झाला आहे, की त्या रंगाची अवस्था? उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बारीक ओरखड्यांनी भरतो आणि लाल रंग विटकरी दिसू लागतो. म्हणून गाडी नीट धुऊन, क्ले बारने पृष्ठभागात रुतलेली घाण काढून, बोनेटचा फक्त अर्धा भाग जाणकाराकडून पॉलिश करून घ्यावा. दोन्ही भाग उन्हात शेजारी शेजारी पाहिले की पुष्कळदा निर्णय तिथेच होतो. मात्र क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि कंपाउंड, म्हणजे पॉलिशची खरखरीत पेस्ट, मारताना तोच थर घासला जातो, त्यामुळे आधी जाडी मोजल्याशिवाय मशीन लावू देऊ नये.

जाडी मोजण्याचे यंत्र चांगल्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची सफाई आणि पॉलिश करणाऱ्या, दुकानात असते. कारखान्यातला रंग सर्व थर धरून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या पॅनेलवर आकडा दुप्पट आला तर ते पॅनेल पुन्हा रंगवले गेले आहे असे समजावे, आणि तो ५०० च्या पुढे गेला तर खाली लांबी, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवण्याची पुट्टी, भरलेली असण्याची दाट शक्यता आहे. यंत्र पत्र्यावर आणि ॲल्युमिनियमवर चालते. बंपर प्लॅस्टिकचे असल्याने तिथे साधे यंत्र काही सांगत नाही. या मोजणीचा निर्णयाशी थेट संबंध आहे. संपूर्ण गाडीवर कारखान्याचाच रंग शाबूत असेल तर तो मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यात रंग पक्का करण्यासाठी रिकामी बॉडी सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजली जाते. तयार गाडीत वायरिंग, रबर आणि प्लॅस्टिक असल्यामुळे गॅरेजच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, ६० अंशांच्या आसपासच थांबावे लागते. गॅरेजचा रंग उत्तम होऊ शकतो, पण तो कारखान्याचा रंग नसतो आणि जाणकार खरेदीदार हा फरक ओळखतो. उलट अर्धी गाडी आधीच वेगवेगळ्या हातांनी रंगवलेली असेल, तर मूळपणा गेलेलाच आहे आणि रंग बदलण्याचा विचार रास्त ठरतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असूनही तीच सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. गाडीत किती ठिकाणी बॉडीचा रंग दिसतो, हे वही घेऊन लिहून काढावे. दरवाजा उघडला की चौकट, बिजागऱ्या आणि दरवाज्याची आतली कड. ९११ चे इंजिन मागे असल्याने बोनेट हीच पुढची डिकी; ती उघडली की गालिच्याभोवतीच्या कडा. मागचे झाकण उघडले की इंजिनाभोवतीचा पत्रा. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाची आतली बाजू. रंग बदलायचा म्हणजे हे सर्व बदलायचे. त्यासाठी दोन्ही बंपर, दिवे, आरसे, हँडल, रबरी पट्ट्या आणि शक्य तर काचाही उतरवाव्या लागतात. खर्चाचा मोठा भाग डब्यातल्या रंगात नसतो. तो गाडी उघडण्यात, घासण्यात आणि पुन्हा जोडण्यात जातो. काचेभोवती नुसती मास्किंग टेप लावून मारलेला रंग त्या कडेपासूनच सुटू लागतो, आणि दरवाजा उघडताच निळ्या गाडीत लाल चौकट दिसली तर आयुष्यभर ती दिसतच राहते. एवढे काम करून घेण्याची तयारी नसेल तर बदल न केलेलाच बरा.

घासण्याबाबतही पेंटरला आधीच विचारावे. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ च्या पोलादी बॉडीला जस्ताचा मुलामा दिलेला असतो, तो गंज रोखतो. जुना रंग घट्ट आणि निरोगी असेल तर तो पॉलिश पेपरने खडबडीत करून त्यावर नवे थर देता येतात. उगाच पत्र्यापर्यंत घासले तर हे संरक्षण जाते, आणि मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत त्याची किंमत लवकर कळते. ॲल्युमिनियमच्या पॅनेलला वेगळा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लागतो आणि बंपरसाठी लवचिक मिश्रण लागते. पेंटरने या गोष्टी आपण न विचारता सांगितल्या, तर तो माणूस कामाचा आहे असे समजावे.

मग प्रत्यक्ष रंगाकडे यावे. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग खालचा थर झाकण्यात कमजोर असतात, म्हणून त्यांच्याखाली योग्य छटेचा प्रायमर नसेल तर कोटावर कोट चढत जातात, आणि अतिजाड रंग दगड लागताच टवके टाकतो. काळा रंग पत्र्यातला प्रत्येक पोचा उघडा पाडतो. चंदेरी रंगात वळणे उठून दिसतात, पण मेटॅलिकचे कण स्प्रे गन कशी फिरते त्यावर बसत असल्याने पुढे एकच पॅनेल रंगवायची वेळ आली तर जुळवणी अवघड जाते. मोबाइलच्या पडद्यावर रंग निवडू नये. पेंटरकडून निदान हातभर पत्र्यावर क्लिअर कोटसह नमुना करून घ्यावा आणि तो दुपारच्या उन्हात, ढगाळ सकाळी आणि पार्किंगच्या दिव्याखाली पाहावा. तो पत्रा आतल्या सीटच्या चामड्याशेजारी धरायला विसरू नये, कारण चामडे काही बदलले जाणार नसते.

तरीही मन डळमळत असेल तर रॅप, म्हणजे मूळ रंगावर चिकटवायची रंगीत फिल्म, हा मधला मार्ग आहे. चांगली कास्ट व्हिनाइल फिल्म काही वर्षे टिकते. आपल्या उन्हात बोनेट आणि छतावर त्याहून कमी. फिल्मखाली मूळ रंग जपला जातो आणि नवा रंग रोज पाहून आवडतो का, हे कळते. मात्र दरवाज्याच्या चौकटी तशाच राहतात, आणि आधी गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनेलवरून फिल्म काढताना तो रंगही सोबत निघू शकतो. जाडी मोजण्याचा आग्रह याही कारणासाठी आहे.

कागदपत्रांचे काम रंगकामाच्या आधी करावे. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील बदलांचे नियम आहेत. त्यानुसार मंजुरी घेऊन केलेला बदल १४ दिवसांत आरटीओला कळवावा लागतो. म्हणून आधी आपल्या आरटीओकडे अर्ज करावा, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. रॅपनेही दिसणारा रंग बदलतो, तेव्हा त्याबाबतही आरटीओकडेच विचारावे. लष्करी छटेचा मोह असेल तर तो सोडावा: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणालाही वापरता येत नाही.

शेवटी तीन ठिकाणांहून दरपत्रक घ्यावे, पण त्यात उघडण्याचे भाग, घासण्याची पद्धत, थरांची संख्या आणि रंगाची कंपनी वेगवेगळी लिहून मागावी. एका ओळीत एकच रक्कम लिहून देणाऱ्याकडे गाडी सोडू नये. ज्याला काम द्यायचे त्याने पूर्वी केलेल्या गाडीचा दरवाजा उघडून कडा पाहाव्यात. बंद बूथ नसेल तर पावसाळ्यात काम देऊ नये. घरच्या अंगणात स्वतः स्प्रे मारण्याचा विचारही करू नये, कारण या रंगांच्या हार्डनरमधील (रंग कडक करणाऱ्या द्रवातील) आयसोसायनेट हे घातक रसायन श्वासावाटे फुप्फुसांत जाते आणि साध्या मास्कने ते अडत नाही.

काम द्यायचे ठरले की पुढच्या डिकीच्या झाकणाखाली मूळ रंगाचा कोड असलेले स्टिकर शोधावे, त्याचे आणि जाडीच्या सर्व आकड्यांचे फोटो काढून सर्व्हिसच्या फाइलमध्ये ठेवावेत, आणि ते स्टिकर रंगाखाली जाऊ नये, हे पेंटरला कामाच्या कागदावर लिहून द्यावे.